प्रकाशला सांगितलेली पाच-सहा वर्षं

अंबरनाथ पूर्वेला मी सत्तावीस वर्षं फिजिओथेरपी केली. पहिली काही वर्षं लोक मला मालिशवाली बाई समजत. पुढे मी 'मशीनवाल्या मॅडम' झाले. उल्हासनगरहून एक सिंधी आंटी खांदा आखडला म्हणून यायच्या. त्यांचं कपड्याचं दुकान होतं. मी हात वर करायला सांगितला की म्हणायच्या, "मॅडम, एक्सरसाइज रहने दो, आज मशीन थोडा ज्यादा लगाओ." खांदा शेवटी सुटला तो व्यायामानेच, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी माझ्या मशीनचंच कौतुक सांगितलं. उल्हासनगरच्या कॅम्पातून पेशंट येत राहिले आणि मी कोणाची समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की पेशंटची चुकीची समजूत आपल्या कामाला येत असेल तर ती तशीच राहू द्यायची, ही सवय मला लागली होती. बहुतेक वेळा त्यात कोणाचं काही बिघडत नाही. प्रकाशच्या बाबतीत बिघडलं, आणि ती समजूत तर मीच करून दिली होती.

प्रकाश जाधव बदलापूरला मांजर्लीत राहायचा. वय बत्तीस. एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिक फिटर. २००३ साली शेडच्या छपरावर वायर ओढताना पायाखालचा सिमेंटचा पत्रा फुटला आणि तो खालच्या चौथऱ्यावर पाठीवर आपटला. मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात सळया घालून मणके जोडले आणि दोन महिन्यांनी त्याला घरी पाठवला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत बाहेरच्या बाजूला लोखंडी खाट होती, आणि तिच्या पायथ्याशी छातीएवढे जीन्सचे गठ्ठे. त्याची बायको उज्ज्वला उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्स आणून घरी धागे कापायची.

प्रकाशच्या आईने, कमलमावशींनी, दारातच विचारलं, "मॅडम, चालेल ना हा?"

"आधी बघू तर द्या, मावशी."

मी चादर बाजूला केली. मुलाला बरं वाटावं म्हणून मावशींनी त्याच्या दोन्ही गुडघ्यांखाली उशा दिल्या होत्या. ज्या पायांना काही कळतच नाही त्यांना उशीने बरंही वाटत नाही आणि वाईटही. गुडघे मात्र वाकलेल्या अवस्थेत आखडत जातात. प्रकाशचे आखडायला लागले होते, आणि टाचाही वर ओढल्या गेल्या होत्या.

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगते. मणक्यांच्या आतून मज्जारज्जू नावाची करंगळीएवढी जाड दोरी जाते. मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि खालच्या खबरा वर येतात. प्रकाशची दोरी कमरेच्या जरा वर चेंगरली होती. त्यामुळे चालणं गेलं हे सगळ्यांना दिसतं. पण लघवी लागल्याचं कळत नाही, ती दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून काढावी लागते. एका कुशीवर पडून राहिल्याचं कळत नाही, म्हणून तिथली कातडी मरते आणि जखम होते. असे पेशंट जातात ते पाय चालत नसल्याने नाही, मूत्रपिंड बिघडल्याने किंवा जखम चिघळल्याने जातात. म्हणून आमचं निम्मं काम कातडी, लघवी आणि सांधे सांभाळायला शिकवण्याचं असतं. त्यात बघण्यासारखं काही नसतं आणि ते रोज करावं लागतं.

प्रकाश ते करायला तयार नव्हता. मी पाय हलवायला लागले की तो तोंड भिंतीकडे करायचा.

"काय उपयोग मॅडम? तुम्ही माझा पाय हलवताय की टेबलाचा, मला काय कळतंय?"

तीन महिने मी आठवड्यातून दोनदा अंबरनाथहून बदलापूरला जात होते आणि प्रत्येक वेळी गुडघा आदल्या वेळेपेक्षा कमी सरळ व्हायचा. मला त्याचा राग यायला लागला होता. मी गेल्यावर उज्ज्वला गठ्ठ्यातलं काम थांबवून शेजारी उभी राहायची आणि मी जे करते ते बघून शिकायची. तिला सगळं यायला लागलं होतं, फक्त तिचा नवरा तिलाही हात लावू द्यायचा नाही.

मग एक दिवस उज्ज्वलाने विहारात येणाऱ्या पेपरातलं एक कात्रण आणलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेची बातमी होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी मज्जारज्जू चेंगरलेल्या उंदरांवर उपचार केला होता. मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी घेतल्या होत्या. नुसत्या सोडल्या की त्या जखमेच्या जागी बहुतेक मरून जातात. म्हणून सोडण्याआधी त्यांच्यात एक जनुक घातलं होतं. त्या जनुकामुळे नसांना जगवणारं आणि त्यांचं आवरण परत चढायला मदत करणारं एक द्रव्य त्या पेशी स्वतःच तयार करतात. म्हणजे जनुकाचा उपचार आणि मूळपेशींचा उपचार, दोन्ही एकत्र. त्या उंदरांचे मागचे पाय थोडे हलायला लागले होते.

मी पोचले तेव्हा प्रकाश उशीला टेकून बसला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो माझी वाट बघत होता.

"मॅडम, नसेवर कव्हर असतं ना? वायरवर असतं तसं?"

"असतं."

"माझं कव्हर गेलंय, बरोबर? वायर काही ठिकाणी तुटलीय, काही ठिकाणी आहे पण उघडी पडलीय. करंट खाली पोचत नाही." त्याने कात्रणावर बोट ठेवलं. "या पेशी कव्हर परत चढवतात. असं लिहिलंय."

मी ते कात्रण नीट वाचलं. कॉलेज सोडल्यापासून माझा अभ्यास जेमतेमच होता, पण एवढं कळत होतं की उंदरापासून माणसापर्यंत फार लांबचा रस्ता आहे. हे त्याला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, "आपल्याकडे कधी येईल हे?"

त्याचा चेहरा माझ्याकडे होता, भिंतीकडे नव्हता. मी म्हणाले, "पाच-सहा वर्षांत येईल. पण गुडघे असे आखडलेल्या माणसाला कोण घेणार? कातडी फुटलेल्या माणसाला कोण घेणार? आला उपचार तर पाय तयार पाहिजेत."

पाच-सहा हा आकडा मी कुठून आणला ते आजही सांगता येणार नाही. खूप लांबचं वाटू नये आणि उद्याचंही वाटू नये, असा तो होता.

दुसऱ्या दिवसापासून प्रकाश बदलला. गुडघ्यांखालच्या उशा त्याने स्वतः काढून टाकल्या. उज्ज्वला सकाळ-संध्याकाळ त्याचे पाय ताणायची. तो घड्याळ लावून कूस बदलायचा, आरशात पाठीमागची कातडी बघायचा. नळी घालायला स्वतः शिकला. भंगारातले पाइप मागवून, भाऊबंदांकडून वेल्डिंग करून घेऊन त्याने उभं राहायची चौकट बनवली, ती माझ्या क्लिनिकमधल्या चौकटीपेक्षा चांगली होती. पट्ट्यांनी स्वतःला बांधून तो रोज तासभर तिच्यात उभा राहायचा आणि समोर टेबल घेऊन लोकांचे मिक्सर दुरुस्त करायचा. दीड वर्षात गुडघे पूर्ण सरळ झाले. एकही जखम झाली नाही.

मी इतर पेशंटना त्याचं उदाहरण द्यायचे. क्लिनिकमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीला तर मी शिकवलंसुद्धा, की पेशंटला काहीतरी आशा द्यायची, मग तो काम करतो. मला ती युक्ती वाटत होती.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात प्रकाशने मला सांगितलं, की मुंबईत एका खाजगी क्लिनिकमध्ये मूळपेशींचं इंजेक्शन देतात. कोणीतरी त्याला फोन नंबर दिला होता. बोलणं झालं होतं. पंधरा दिवसांनंतरची तारीखही मिळाली होती.

"हे ते नाही, प्रकाश," मी म्हणाले.

"मूळपेशीच आहेत."

"मूळपेशी म्हटलं म्हणून सगळं एक होत नाही. तू जाऊ नकोस."

"तुम्हीच म्हणालात पाच-सहा वर्षांत येईल. दोन झाली. जरा लवकर आलं समजा."

मी म्हणाले, "मी येते तुमच्याबरोबर. आधी नुसतं बोलू."

गाडी करून प्रकाश, उज्ज्वला आणि मी असे तिघं गेलो. क्लिनिक छान होतं. डॉक्टरांनी आम्हाला लॅपटॉपवर चालणाऱ्या पेशंटचे व्हिडिओ दाखवले. प्रकाशने ते बघितले आणि मग फिटर माणूस नवीन पॅनल बघताना विचारतो तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सर, इंजेक्शन कमरेत देणार. पेशी बरोबर तुटलेल्या जागी गेली हे कसं कळणार?"

"पेशींना आपोआप कळतं कुठे जायचं ते."

"आणि त्यांच्यात जीन घातलेला असतो का?"

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. "हां, वो भी है हमारे पास."

"कुठला?"

"ते टेक्निकल असतं. तुम्ही त्याची काळजी करू नका."

मी विचारलं की व्हिडिओतल्या पेशंटची इजा पूर्ण होती की अर्धवट, कारण अर्धवट इजेचे काही लोक कसल्याही उपचाराशिवाय चालायला लागतात. डॉक्टर माझ्याकडे वळले. "आप फिजिओ हैं ना?" एवढंच म्हणाले आणि पुढचं सगळं उज्ज्वलाशी बोलले.

परत येताना गाडी कल्याणला पोचली. मग प्रकाश म्हणाला, "त्यांना नीट सांगता येत नसेल. म्हणून उपचार खोटा असं नाही." तो जाणार हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी माझं क्लिनिक बंद केल्यावर मी उल्हासनगरला एका सायबर कॅफेत गेले. उंदरांवरचा तो प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञबाईंचं नाव कात्रणात होतं. कॅफेवाल्याने त्यांच्या विद्यापीठाचं पान शोधून त्यांचा ईमेल काढून दिला. माझ्या इंग्रजीत मी सगळं लिहिलं. पेशंटचं वय, इजा कुठे, किती जुनी, क्लिनिकमध्ये काय बोलणं झालं. उत्तर येईल असं वाटत नव्हतं. आठवड्याने आलं, आणि लांबलचक आलं.

त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या उंदरांना इजेनंतर थोड्याच दिवसांत पेशी दिल्या होत्या. दोन वर्षांच्या जुन्या इजेत मधे घट्ट वण तयार होतो, त्यातून नसा वाढवता येतील का हे त्यांना माहीत नाही. उंदरांचे पाय हलले, पण ते पहिल्यासारखे चालले नाहीत. पेपरवाल्यांनी ते वाक्य गाळलं. त्यांच्या पेशी आजपर्यंत एकाही माणसाला दिलेल्या नाहीत. जनुक घातलेली पेशी शरीरात भलतीच वाढत सुटली तर गाठ होऊ शकते, तेही अजून तपासायचं आहे. कोणी हा उपचार आजच देतो म्हणत असेल तर तो नक्की काय टोचतो आहे हे त्या सांगू शकत नाहीत. शेवटी होतं, की हे माणसांपर्यंत कधी येईल, किंवा येईल की नाही, याचा आकडा त्या कोणालाच देत नाहीत.

ती प्रिंट घेऊन मी मांजर्लीला गेले. खाटेजवळ बसून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. उज्ज्वला जीन्स मांडीवर घेऊन ऐकत होती, कात्री हातात तशीच होती. शेवटचं वाक्य मला गाळता आलं असतं. त्या दोघांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी ते सांगितलं.

प्रकाशने ती प्रिंट माझ्या हातातून घेतली. मग म्हणाला, "त्यांना आकडा माहीत नाही."

"नाही."

"मग तुम्हाला कुठून माहीत होता?"

"मला माहीत नव्हता. तू पाय हलवू देत नव्हतास. मला दुसरं काही सुचलं नाही."

"म्हणजे रोज तासभर मी त्या चौकटीत उभा राहिलो ते..."

"ते तुझ्या हाडांसाठी, मूत्रपिंडासाठी चांगलंच होतं, प्रकाश. आजही आहे."

"ते तुम्ही तेव्हा सांगायचं होतं. मला ठरवू द्यायचं होतं." तो आवाज न चढवता बोलत होता. "मॅडम, तुम्ही आता येऊ नका."

मावशी काहीतरी बोलायला पुढे आल्या, पण उज्ज्वलाने त्यांना मानेने नको म्हटलं. मी निघाले.

त्यानंतर मी गेले नाही. उज्ज्वला अधूनमधून माझ्या क्लिनिकवर फोन करायची. प्रकाशने मुंबईची तारीख रद्द केली होती. त्याबरोबर चौकटही सोडली होती. कूस बदलायचं घड्याळ बंद करून टाकलं होतं. मी तिला सांगायचे, तू करत राहा. ती म्हणायची, करते, पण तो करू देत नाही. मुंबईच्या त्या क्लिनिकला जाऊ दिलं असतं तर निदान आशेवर काही महिने व्यायाम केले असते, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. त्याची मला नंतर लाज वाटली.

मग त्या जुलैमधला तो पाऊस आला. दुपारी उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. उज्ज्वला माल पोचवायला उल्हासनगरला गेली होती आणि तिथेच अडकली. घरात प्रकाश आणि मावशी. पाणी उंबऱ्यावरून आत आलं आणि बघता बघता खाटेच्या पायांना लागलं. इमारतीतले बहुतेक पुरुष कामावर. दुसऱ्या मजल्यावर एक म्हाताऱ्या आजी आणि त्यांची बाळंतीण सून. प्रकाशला उचलून नेणारं कोणी नव्हतं.

पुढचं मला मावशींनी सांगितलं. प्रकाशने आधी त्यांना वर पाठवलं. त्या हलेनात, तेव्हा ओरडला. मग व्हीलचेअरवरून पाण्यातच जिन्यापर्यंत गेला, पहिल्या पायरीकडे पाठ केली आणि हातांवर जोर देऊन अंग मागे वर उचललं. एक पायरी. मग दोन्ही हातांनी आपले पाय एकेक करून वर घेतले. पुन्हा दुसरी पायरी. हे आम्ही शिकवतो. त्यालाही मी शिकवलं होतं आणि जिना चढायला शिकताना तो सगळ्यात जास्त कुरकुरला होता. खाली फोमची गादी घ्यायची असते, ती पाण्यात वाहून गेली होती. ओल्या सिमेंटवर तसाच चढला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागला ते मावशींना सांगता येत नाही. त्या वरून दर पायरीला त्याचं नाव घेत होत्या, एवढंच त्यांना आठवतं. संध्याकाळी तळमजल्याच्या खोल्या छतापर्यंत पाण्यात होत्या.

मला तिसऱ्या दिवशी तिथे पोचता आलं. रस्त्याला घोट्याएवढा चिखल होता. जिन्यात जीन्सच्या पँटी पिळून कठड्यावर टाकलेल्या होत्या. उज्ज्वला आदल्या दिवशी पायी पोचली होती. मला बघून तिने फक्त आजींच्या खोलीकडे बोट केलं. प्रकाश जमिनीवर सतरंजीवर पडला होता. मी आत येऊ की नको विचारलं नाही.

"पालथा हो," मी म्हणाले.

तो झाला. माकडहाडावर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जागा सोलून निघाली होती. जिन्याने केलेली. त्याला कळलंही नव्हतं. मी ती साफ केली, पट्टी बांधली. तो सतरंजीत तोंड खुपसून पडला होता.

"किती दिवस असं पालथं पडायचं?"

"तीन आठवडे."

"खरं सांगताय?"

मी पुन्हा विचार केला. जखमेच्या कडा बघितल्या, तिथला ओलावा बघितला. "चारही लागतील. नीट नाही राहिलास तर जास्त."

"ठीक आहे," तो म्हणाला. पाच लागले.

पुढे ते कुळगावला उंचावरच्या जागेत राहायला गेले. प्रकाशने मोटर आणि पंखे वाइंडिंगचं दुकान काढलं. चौकट पुरात वाकली होती, ती त्याने सरळ करून घेतली आणि पुन्हा वापरू लागला. आता का उभा राहतोस, असं मी विचारलं नाही. तो चालला नाही. त्या पेशींची कधी पेपरात बातमी आली की तो वाचतो, आणि इजा किती जुनी होती आणि प्रयोग कोणावर झाला, हे आधी शोधतो. त्या शास्त्रज्ञबाईंना आभाराचं पत्र लिहायचं राहूनच गेलं, याची मला खंत आहे. त्यापेक्षा मोठी खंत त्या दोन वर्षांची आहे. मी खरं सांगितलं असतं तर त्याने व्यायाम केले असते का, हे मला कधीच कळणार नाही. पण ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

त्या मुलीला, जिला मी आशेची युक्ती शिकवली होती, तिला बसवून मी हे सगळं सांगितलं. तिने ती आणखी एक युक्ती म्हणून वहीत लिहून घेतली नाही, बरं वाटलं.

दोन हजार आठमध्ये वांगणीच्या एका घरी मला बोलावलं. सुगंधा नावाची बाई आंबे काढताना झाडावरून पडली होती. इजा प्रकाशसारखीच. मी प्रकाशला विचारलं, येशील का. तो दुकान बंद करून आला. सुगंधाच्या नवऱ्याने आम्ही बसायच्या आतच एक छापील कागद पुढे केला. कुठल्या तरी नवीन क्लिनिकचा होता. वर रंगीत पेशीचं चित्र.

"यांनी सांगितलंय चालेल म्हणून," तो म्हणाला. "तुमचं काय म्हणणं?"

मी प्रकाशकडे बघितलं. त्याने कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

"यांना एवढं विचारा," प्रकाश म्हणाला. "पेशी कुठून आणता, आत काय घालता, आणि असा पेशंट ज्याची कमरेखालची खबर पूर्ण गेलेली आहे, तो चाललेला मला भेटवा. व्हिडिओ नको, माणूस भेटवा."

"म्हणजे होणारच नाही काही?"

"असं मी म्हटलं नाही. लोक काम करतायत त्यावर, खरे लोक. कधी होईल ते मला माहीत नाही. मॅडमना पण नाही."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मलाही माहीत नाही म्हणून मी मान हलवली. सुगंधा खाटेवरून ऐकत होती. तिच्या गुडघ्यांखाली दोन उशा होत्या. प्रकाशने व्हीलचेअर खाटेला लावली आणि तिला विचारलं, "वहिनी, या उशा काढू का? का काढायच्या ते आधी सांगतो."

त्याने सांगितलं. तिने मान उचलून उशांकडे बघितलं. मग म्हणाली, "काढा."

नंतर त्याने तिला कुशीवर कसं वळवायचं ते नवऱ्याकडून करून घेतलं. पहिल्यांदा नवऱ्याने तिला हाताला धरून ओढलं, ते चूक होतं. दुसऱ्यांदा पाय मागे राहिले. तिसऱ्यांदा बरोबर जमलं, आणि सुगंधा स्वतःहून म्हणाली, "आता दुसऱ्या कुशीवर."